सब्जेक्टचं म्हणणं

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला आपापला माणूस घेऊन यायचा, असा आमच्या विषयाचा रिवाज होता. केमिस्ट्रीच्या पोरांना टेबलावर क्षार मिळायचा, बॉटनीवाल्यांना फांदी मिळायची, झूऑलॉजीवाल्यांच्या ट्रेमध्ये बेडूक आधीच ठेवलेला असायचा. आम्हाला मात्र कॉलेजच्या फाटकातून जिताजागता माणूस चालवत आणावा लागे. त्याला सब्जेक्ट म्हणायचं. "तुझा सब्जेक्ट ठरला का?" "माझा ऐनवेळी गावाला गेला." "तुझा दुपारच्या बॅचला मला दे ना गं!" नाशिकच्या आमच्या कॉलेजात मार्चच्या उन्हात व्हरांड्यात ही बोलणी चालायची आणि बाजूने जाणारा कॉमर्सचा एखादा मुलगा दचकून बघायचा.

सब्जेक्ट कसा हवा याचेही आडाखे होते. सायकॉलॉजीचा नको, कारण त्याला प्रयोग ठाऊक असतो. फार हुशार नको, तो प्रयोगामागचा डाव ओळखायला बघतो. जिवाभावाची मैत्रीण नको, ती आपला आलेख पुस्तकाबरहुकूम यावा म्हणून मायेपोटी खोटं वागते. घरचं माणूस तर नकोच नको. मग उरायची ती शेजारच्या वर्गातली, तोंडओळखीची, रिकामा तास असलेली आणि वडापाववर राजी होणारी मंडळी. त्यांच्यापुढे आर्जवं करता करता आमचं अर्धं शिक्षण झालं. मनाचा अभ्यास करायला आलेल्या आम्हा मुलींना आधी माणूस मिळवायला शिकावं लागलं.

हे नव्वदीच्या दशकाच्या अखेरचं. विद्यापीठ पुणे, सावित्रीबाईंचं नाव त्याला अजून मिळायचं होतं. बी.ए.ला सायकॉलॉजी घेणाऱ्यांबद्दल घराघरांत एकच समजूत होती, की हिला बारावीला मार्क कमी पडलेले दिसतात. आमच्यातल्या काहींच्या बाबतीत ती खरी होती. काहींना इंग्रजी नको होतं, काहींना इकॉनॉमिक्सची धास्ती होती, आणि एकीला घरातल्या एका माणसाचं वागणं समजून घ्यायचं होतं. ते माणूस कोण, हे तिने तिसऱ्या वर्षापर्यंत सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

प्रयोगशाळा म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या टोकाची अरुंद खोली. खिडक्यांना काळे पडदे, दोन लाकडी कपाटं आणि प्लायवूडचे आडोसे घालून केलेले कप्पे. दर कप्प्यात एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, आणि प्रयोग करणाऱ्याने लिहिलेले आकडे सब्जेक्टला दिसू नयेत म्हणून मध्ये उभा केलेला पुठ्ठा. कपाटात स्टॉपवॉच, मेमरी ड्रम, आरशात बघून रेघ काढायचं उपकरण, १९५५ मध्ये तयार झालेल्या भाटिया बॅटरीचे रंगीत ठोकळे. एका खोक्यात बिने-कामत चाचणीचं साहित्य होतं. फ्रान्समधल्या बिने यांची बुद्धिमापन चाचणी वि. वि. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली होती. जर्मनीत लायप्झिगला विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये अशी पहिली खोली उघडली, ती १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात आली, पुण्यात १९५० मध्ये प्रा. कोठुरकरांनी प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग उभा केला आणि तिथून पाझरत पाझरत आमच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचली.

सूचना तोंडपाठ हव्यात, असा मॅडमचा दंडक होता. सब्जेक्ट बसला की त्याला पाणी विचारायचं, दोन इकडच्या तिकडच्या गोष्टी करायच्या आणि मग ठरलेली वाक्यं ठरलेल्या आवाजात म्हणायची. प्रत्येक सब्जेक्टला तीच वाक्यं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. "घाबरू नका" असं चुकूनही म्हणायचं नाही, कारण म्हटलं की माणूस घाबरतो. "छान" म्हणायचं नाही, "अरेरे" तर नाहीच. चेहरासुद्धा सपाट ठेवायचा. आपल्या भुवया उंचावल्या तरी समोरच्याचा आकडा बदलतो, हे तेव्हा कळलं. आयुष्यभर मानेने, डोळ्यांनी, 'हं'काराने समोरच्याला आपल्या वाटेला लावण्याची सवय लागलेल्या आम्हाला ती दहा मिनिटं फार जड जायची.

पहिल्यांदा वाट्याला आला तो म्युलर-लायरचा दृष्टिभ्रम. फ्रान्झ म्युलर-लायर यांनी तो १८८९ मध्ये मांडला, आणि आज तो शाळेच्या पुस्तकांतही सापडतो. दोन आडव्या रेघा. एकीच्या टोकांना बाणाची टोकं असतात तशी आत वळलेली पाती, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेली. बाहेर फाकलेली रेघ लांब दिसते. आमच्याकडे त्याची लाकडी चौकट होती. एक रेघ पक्की, दुसरी सरकपट्टीवर. सब्जेक्टने पट्टी सरकवत न्यायची आणि दोन्ही सारख्या वाटल्या की थांबायचं. चौकटीच्या पाठीमागे मिलिमीटरच्या खुणा होत्या, त्या फक्त आपल्याला दिसायच्या. समोरचा माणूस डोळे बारीक करून, पट्टी केसभर मागेपुढे करून, अगदी खात्रीने म्हणायचा, "आता झाल्या." आणि मागे बघावं तर चांगला दोन-अडीच सेंटिमीटरचा फरक.

मग खुर्च्यांची अदलाबदल व्हायची. आता मी सब्जेक्ट. मागच्या खुणा मी वाचल्या होत्या, भ्रमाचं नाव ठाऊक होतं, साल ठाऊक होतं, कारणांवर चार ओळी लिहिता येत होत्या. तरी समोरची रेघ लांब दिसायची ती दिसायचीच. सरावाने चूक थोडी कमी होते, पण मिटत नाही. मी मॅडमना विचारलं, "कळल्यावरसुद्धा असंच दिसणार?" त्या दुसऱ्या टेबलावरची जर्नल तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "डोळ्याला समजावता येत नाही. पट्टी लावायची."

तेव्हा ते नुसतं प्रयोगापुरतं वाटलं. केंब्रिजचे रिव्हर्स १८९८ मध्ये टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेले आणि तिथले लोक या रेघांना इंग्रजांपेक्षा कमी फसतात असं त्यांना आढळलं, हेही आम्ही त्याच आठवड्यात पाठ केलं. माणूस कुठे वाढतो त्यावरही त्याचं दिसणं अवलंबून असतं, असं पुस्तकात लिहिलं होतं. आमच्या वर्गात सिन्नरकडच्या, दिंडोरीकडच्या मुली होत्या, कॉलेज रोडच्या बंगल्यांतल्या होत्या. रेघांच्या बाबतीत आम्ही सगळ्या सारख्याच फसलो. माणसांच्या बाबतीत मात्र ज्याची त्याची फसायची तऱ्हा वेगळी निघाली, पण ते कळायला रेघा पुरेशा नव्हत्या.

मेमरी ड्रमची गंमत निराळी होती. पत्र्याच्या पेटीत गुंडाळी फिरायची आणि छोट्या खिडकीतून एकेक निरर्थक पद दिसून पुढे सरकायचं. निरर्थक अशासाठी की आधीची ओळख स्मरणात लुडबुडू नये. ही युक्ती हर्मान एबिंगहाऊस यांची. त्यांनी अशी सुमारे २,३०० पदं जमवली आणि वर्षानुवर्षं एकट्याने, स्वतःलाच सब्जेक्ट करून, त्यांच्या याद्या पाठ केल्या आणि विसरल्या. १८८५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. विसरणं आधी झपाट्याने होतं आणि मग मंदावतं, हा त्यांचा आलेख आम्हाला परीक्षेत दर वर्षी यायचा. त्याहून मला आवडायची ती त्यांची मोजायची रीत. अमुक गोष्ट आठवते का, असं ते विचारत नसत. विसरलेली यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो, ते बघत. पूर्ण पुसलं गेलं असं वाटतं तेव्हाही वेळ थोडा कमीच लागतो. जेवढा वाचला तेवढं आत कुठेतरी शिल्लक आहे, असा हिशेब.

आमच्या सब्जेक्टांना मात्र निरर्थक काही मानवतच नसे. माझ्यासमोर इतिहासाची एक मुलगी बसली होती. खिडकीतून 'नेब', 'खुत', 'झॉप' अशी पदं सरकली आणि तिने ती पहिल्या फेरीतच धडाधड म्हणून दाखवली. प्रयोगानंतर सब्जेक्टला काय वाटलं, त्याने काय केलं, ते त्याच्याच शब्दांत जर्नलमध्ये उतरवून घ्यायचं असे. आकडे, तक्ता, आलेख, सगळं झालं की शेवटी 'सब्जेक्टचं निवेदन' असा मथळा यायचा. ती म्हणाली, "निब घेतली, खत घातलं आणि झोपले." मी ते नीटनेटक्या भाषेत लिहिलं की सब्जेक्टने पदांना अर्थपूर्ण साहचर्य जोडले. मॅडमनी ती ओळ खोडली आणि समासात लिहिलं, 'तिचे शब्द?' त्या खोलीत आलेख दोन मिलिमीटर चुकला तर चालायचा. सब्जेक्टचं म्हणणं आपल्या भाषेत घासूनपुसून लिहिलेलं चालायचं नाही.

आरशातलं रेखाटन हा सगळ्यात हसवणारा प्रयोग. कागदावर दुहेरी रेघेचा तारा छापलेला. दोन रेघांच्या मधून पेन्सिल न्यायची, पण हात आणि कागद झाकलेला आणि समोर फक्त आरसा. एकीकडे जायचं तर हात आडमुठेपणाने भलतीकडेच जातो, कोपऱ्यावर पेन्सिल थरथरत उभी राहते आणि चांगली शहाणीसुरती माणसं ओठ चावायला लागतात. पाच-सहा फेऱ्यांनंतर मात्र हात आपला आपण सुधारतो. कसा, ते हाताच्या धन्याला सांगता येत नाही.

याच ताऱ्यामागे एक माणूस उभा होता. पुस्तकात त्याची नुसती आद्याक्षरं होती, एच. एम. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, अमेरिकेत त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि आजूबाजूचा भाग काढला गेला. झटके कमी झाले, पण त्यानंतर घडलेलं काहीच त्याच्यापाशी टिकेना. आत्ता भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की नवा. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला हाच तारा सलग तीन दिवस काढायला दिला. प्रत्येक दिवशी त्याच्या लेखी तो प्रयोग पहिल्यांदाच होत होता, आणि प्रत्येक दिवशी त्याचा हात आदल्या दिवसापेक्षा सरावलेला होता. स्मरण म्हणजे एकच एक कोठार नाही, त्याला वेगवेगळी दालनं आहेत, हे मानसशास्त्राला ज्या पुराव्यांतून पटलं त्यांत हा एक मोठा. आम्ही हे शिकत होतो तेव्हा तो माणूस हयात होता. हेन्री मोलेसन हे त्याचं नाव जगाला कळलं ते २००८ मध्ये तो गेल्यावर.

आमच्या घरी तेव्हा आजी होती. तिचं विस्मरण वाढत चाललेलं. दूध तापवलं का, हा प्रश्न ती दहा मिनिटांनी पुन्हा विचारायची, आणि पुन्हा. सकाळी कोण येऊन गेलं ते दुपारी आठवायचं नाही. पण दिवेलागणीला देवापुढे बसली की 'मनाचे श्लोक' सुरू करायची आणि २०५ श्लोक एका लयीत न अडखळता पार करायची. मधलाच एखादा म्हण म्हटलं तर जमायचं नाही. मागचा श्लोक आला की पुढचा त्याला धरून यायचा. रामदासांनी मनाला किती परींनी समजावलंय, ते आजीच्या तोंडून रोज कानावर पडत होतं, आणि त्याच घरात, त्याच दिव्याच्या उजेडात मी जर्नलमध्ये एच. एम.चा तारा काढत होते.

आईची दिवसभर तारांबळ उडायची. एकदा आजीने दुधाचं विचारलं आणि आई तिच्यावर खेकसली. रात्री मी आईला माझं ताजं ज्ञान सांगायला बसले. ती मुद्दाम करत नाही, नवी आठवण साठवणारी जागाच क्षीण झाली की असं होतं, जुनं पाठांतर वेगळ्या तऱ्हेने टिकतं, वगैरे. आई पोळ्यांचं पीठ झाकत होती. म्हणाली, "ते मला ठाऊक आहे गं. मुद्दाम करत नाहीत हे कळतं, तरी चीड येते. त्याचं काय करायचं, ते तुमच्या पुस्तकात आहे का?"

म्युलर-लायरच्या रेघा मला त्या वेळी पहिल्यांदा घरात दिसल्या. कारण कळलं म्हणून चीड जात नाही. तिला समजावता येत नाही, पट्टीच लावावी लागते. आईने तिची पट्टी स्वतःच शोधली. दूध तापवून झालं की ती पातेल्यावर एक ठरावीक पितळी झाकणी घालायची आणि आजीला म्हणायची, "झाकणी दिसली की तापलंय समजा." आजी कधी झाकणीकडे बघायची, कधी नाही. पण आईचं उत्तर आता दर वेळी एकच, एकाच आवाजात असायचं. सूचना तोंडपाठ केलेल्या प्रयोगकर्त्यासारखं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी थिअरीचा भार वाढला. 'मॉर्गन अँड किंग'च्या झेरॉक्स, बाजारातली मार्गदर्शकं, सरासरी, प्रमाण विचलन, कॅल्क्युलेटर. अपसामान्य मानसशास्त्राचा पेपर सुरू झाला तसे आम्हाला सगळेच आजार होऊ लागले. सोमवारी चिंता विकृती, बुधवारी भावातिरेक, शुक्रवारी दोनदा कुलूप ओढून बघितलं म्हणून कल्पनाक्रिया अनिवार्यता. स्वतःचं निदान झालं की नातेवाइकांचं. आत्या, काका, घरमालक, कुणी सुटलं नाही. एका काकूंना तर आमच्यातल्या तिघींनी तीन वेगवेगळे आजार लावले होते. मॅडमनी एक दिवस फळ्यावर लिहिलं की लक्षण म्हणजे आजार नव्हे, किती काळ आहे आणि जगणं किती अडतं ते बघा. आमचे बहुतेक आजार त्या तासातच बरे झाले.

मिलग्रॅमच्या प्रयोगावर मात्र वर्ग तापला. येल विद्यापीठात १९६१ मध्ये सुरू झालेला तो प्रयोग. पलीकडच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की त्याला विजेचा झटका द्यायचा, दर चुकीला वाढता. झटके खरे नव्हते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. शेजारी बसलेला माणूस शांतपणे सांगत राहायचा की प्रयोग पुढे चालू ठेवायला हवा. पहिल्या गाजलेल्या प्रयोगात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या खटक्यापर्यंत गेले. आम्ही सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं की आम्ही गेलो नसतो. मॅडमनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, की मोठ्यांनी सांगितलं म्हणून, मनातून पटलेलं नसताना, घरातल्या कुणाशी बोलणं कुणी कुणी टाकलं आहे? भावकीचा वाद, वहिनीचं माहेर, पळून जाऊन लग्न केलेली बहीण. वर्गात कुणी हात वर केला नाही, पण पुढचा बराच वेळ कुणी मिलग्रॅमच्या माणसांना नावंही ठेवली नाहीत. माझ्या डोळ्यांपुढे एक मावशी आली, आमच्याकडे जिचं नाव निघत नसे.

तिसऱ्या वर्षी येरवड्याचं मनोरुग्णालय बघायला गेलो. नाशिकहून पहाटेची एसटी, नारायणगावला चहा. अडीच हजारांहून अधिक खाटांचा तो पसारा, चिंचेची झाडं, लांबच लांब भिंती. आमच्या हातात वह्या होत्या आणि वहीत आखून नेलेले रकाने: पेहराव, बोलणं, डोळ्याला डोळा, दिशा-काळाचं भान. एका वॉर्डच्या व्हरांड्यात साठीच्या आसपासची बाई भाजी निवडत बसली होती. परिचारिका तिच्याशी घरच्यासारखं बोलत होत्या. कळलं की ती बरी होऊन पुष्कळ वर्षं झाली आहेत, न्यायला कुणी येत नाही. तिने आम्हाला विचारलं, "कशाला आलात गं पोरींनो?" आम्ही म्हटलं, "अभ्यासाला, मावशी." ती म्हणाली, "मग लिहून घ्या."

आणि तिने सांगायला सुरुवात केली. गाव, तालुका, जिल्हा. घर मारुतीच्या देवळामागे. दारात शेवगा. भावाचं नाव, त्याच्या मोठ्या मुलाचं नाव. एसटी कुठे थांबते, तिथून कुठल्या हाताला वळायचं. आम्ही रकान्यांची वही धरून उभ्या. यातलं काहीच कुठल्या रकान्यात बसत नव्हतं. आमच्यातली एक, तीच घरातल्या माणसासाठी विषय घेतलेली, पान उलटून कोऱ्या बाजूला सगळं लिहीत गेली. मावशींनी मध्येच थांबून विचारलं, "शेवगा लिहिला का?" तिने पान वळवून त्यांना दाखवलं. त्यांना वाचता येत होतं. बोटाने ओळ धरून त्यांनी ती ताडून पाहिली.

परतीच्या बसमध्ये आम्ही नेहमीसारख्या भेंड्या खेळलो नाही. रिपोर्ट लिहिताना प्रश्न पडला की त्या पानाचं काय करायचं. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, नाव-गाव जर्नलमध्ये येऊ द्यायचं नाही, ते आपल्यापुरतं ठेवायचं. पण रिपोर्टमध्ये एवढं जरूर लिहा, की दिशा आणि काळाचं भान उत्तम. ते वाक्य लिहिताना पहिल्यांदा मला शास्त्रीय भाषा आवडली. तिने त्या बाईची बाजू घेतली होती.

पदवी मिळाली आणि आमच्यातल्या बहुतेक जणी मानसशास्त्रज्ञ झाल्या नाहीत. नुसत्या बी.ए.वर होताही येत नाही. त्यापुढे एम.ए., आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर त्याहून पुढे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण लागतं. एक-दोघी त्या वाटेने गेल्या. बाकीच्या शाळेत, दुकानात, विमा कचेरीत, घरात. मी बँकेत लागले. काउंटरच्या काचेला अर्धगोल भोक, अलीकडे मी आणि पलीकडे रांगेने दिवसभर माणसं. मध्ये उभा पुठ्ठा नसला तरी आकडे इथेही माझ्याच बाजूला दिसतात.

आमच्या शाखेत एक मावशी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून घ्यायला यायच्या. भरायला काही नसायचंच. खात्यात थोडी रक्कम पडून, त्यावर व्याजाची एखादी ओळ. मशीन नुसतं पान आत ओढून तसंच बाहेर द्यायचं. शाखेत त्यांच्याबद्दल दोन मतं होती. एक, मुलगा पैसे पाठवेल या आशेवर येतात बिचाऱ्या. दोन, डोक्यावर परिणाम झालाय. मलाही पहिलं खरं वाटायचं. ते दिसायचंच तसं, त्यांच्या पान उघडून बघण्यात, बराच वेळ बघत राहण्यात. एके दिवशी रांग नव्हती, म्हणून विचारलं, "मावशी, कशाची वाट बघता?"

"वाट नाही बघत," त्या म्हणाल्या. "मागं एकदा मालकांनी माझा अंगठा घेऊन सगळे काढले होते. कुणी काढले नाहीत ना, तेवढं बघून जाते."

आम्ही सगळे येणाऱ्या पैशांकडे बघत होतो, आणि त्या न गेलेल्या पैशांकडे. कोरी ओळ त्यांना हवी तीच बातमी देत होती. त्या दिवशी त्यांच्या मोबाइलवर खात्याचे मेसेज सुरू करून दिले. तरी त्या येतात. मेसेज वाचून दाखवायला घरी जे माणूस आहे, त्याच्यावर त्यांचा भरवसा नाही, हेही मग विचारल्यावर कळलं.

मोठेपणा सांगावा असं यात काही नाही. समोरच्याकडे बघून मनात गोष्ट रचली जाते, ती आजही रचली जाते, आणि ती खरीच वाटते. रेघ लांब दिसायची थांबलेली नाही. फक्त पट्टी कुठे ठेवली आहे ते माहीत आहे, आणि माणसाच्या बाबतीत ती बहुतेक वेळा त्या माणसापाशीच असते. सूचना साध्या शब्दांत द्यायच्या, भुवया जागेवर ठेवायच्या, आणि तो जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत ऐकायचं. तीन वर्षांत शिकलेल्यातलं एवढं रोज वापरात आहे.

आता आमच्या सोसायटीतल्या एका मुलीने सायकॉलॉजी घेतलंय. हल्ली बारावीला भरपूर मार्क असलेली मुलंही ते घेतात, प्रवेशाच्या याद्या लागतात. २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्याचे उपचार मिळणं हा हक्क मानला, १४४१६ ही टेलिमानसची फुकट हेल्पलाइन आली, आणि घरातल्या बोलण्यात डिप्रेशन, अँग्झायटी हे शब्द पूर्वीसारखे दबक्या आवाजात येत नाहीत. पण तिच्या वडिलांची काळजी आमच्या वेळच्या वडिलांचीच आहे. ते मला विचारायला आले, की यात पुढे काय आहे. मी खरं ते सांगितलं. डॉक्टरकीसारखी सरळ वाट नाही, शिक्षण लांबतं, मध्येच थांबली तर नोकरी दुसरीच कुठली तरी करावी लागेल. "मग तुमचा काय फायदा झाला?" असं त्यांनी अगदी सरळ विचारलं. मी म्हटलं, मध्येच थांबलेलीही माणसं लागतात. प्रत्येक कचेरीत, प्रत्येक पोलीस चौकीत, शाळेच्या प्रत्येक स्टाफरूममध्ये एक तरी असं हवं, ज्याला स्वतःच्या डोळ्यांवर पूर्ण भरवसा नाही. ते हसले. पटलं की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मी ठरवलंही नाही.

मुलगी मात्र परवा मेंदूवरचं प्रकरण विचारायला आली तेव्हा माझी पंचाईत झाली. न्यूरॉनचे भाग, ग्रंथींची नावं, सिद्धान्त आणि त्यांची सालं, निम्म्याहून जास्त गेलं आहे. एबिंगहाऊस यांच्या हिशेबाने मात्र ते गेलं म्हणायचं नाही, पुन्हा शिकायला किती वेळ लागतो ते आधी बघायचं. तिचं पुस्तक मी मागून घेतलंय. युनिट टेस्ट गणपतीनंतर आहे, त्याआधी परत हवं, असं तिने बजावलंय.